रुळांवरचे सोळा

आमच्या गारखेड्यापासून करमाड फार लांब नाही. ८ मे २०२० च्या पहाटे तिथे रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. गाव मध्य प्रदेशात, काम जालन्याच्या पोलाद कारखान्यात. टाळेबंदीत भुसावळला गाडी मिळेल या आशेने ते पायी निघाले होते. रुळांवर झोपलेच का, असे लोक विचारत होते. मी विचारतो, त्यांना चालावे का लागले? ठेकेदाराने आणलेल्या परप्रांतीय मजुराला येण्याजाण्याचे भाडे द्यावे, असे १९७९ चा कायदा सांगत होता. ज्याचे नाव कोणत्याच वहीत नाही, त्याच्यापर्यंत तो कधी पोहोचलाच नाही. नेहमीच्या प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या मात्र धावत होत्या. श्रम हवेत, माणूस नको, ही रीत गावकुसाबाहेर राहिलेल्या आम्हांला जुनीच आहे.