चार वाजून सहा मिनिटं: मुंबईतल्या आगी आणि फायर इंजिनिअरचं काम

१४ एप्रिल म्हटलं की दादरकरांना काय आठवतं? आंबेडकर जयंती, चैत्यभूमीवरची गर्दी, निळे झेंडे. पण त्याच दिवशी देशभरातल्या फायर स्टेशनांत आणखी एक मानवंदना होते. तो अग्निशमन सेवा दिन असतो, आणि ती तारीख आपल्या मुंबईनं दिलेली आहे. ‘फायर सेफ्टी इंजिनिअर व्हायचंय, काय करू?’ असं कुणी विचारलं, तर मी कोर्सची यादी देण्याआधी ही गोष्ट सांगेन.

१९४४ साल. दुसरं महायुद्ध सुरू आहे. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टायकिन’ नावाचं जहाज उभं आहे. त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि स्फोटकं, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंब आले, जवानांनी पाण्याचा मारा सुरू केला. दोन तास झाले तरी आग हाताला लागेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि साधारण अर्ध्या तासानं दुसरा, त्याहून मोठा. अधिकृत आकड्यानुसारच सातशेहून जास्त माणसं गेली. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण होते.

आता जरा थांबून विचार करा. त्या ६६ जणांचं काय चुकलं? काहीच नाही. चूक त्यांच्या आधीच होऊन गेली होती. पेट घेणारा कापूस आणि स्फोटकं एकाच जहाजात, तीही जवळजवळ लावली, तेव्हाच! आग लागते एका दिवशी, पण ती किती माणसं मारणार हे बऱ्याचदा त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. फायर इंजिनिअरचं काम या ‘आधी’मध्ये असतं.

मुंबईला हे कळायला वेळ लागला. आग विझवायचं काम आधी पोलिसांकडे होतं. १८८७ मध्ये स्वतंत्र अग्निशमन दल उभं राहिलं. पण विझवणं वेगळं आणि लागूच न देणं वेगळं. दुसऱ्या कामाची अक्कल जगाला बरीचशी कापड गिरण्यांनी शिकवली. हवेत कापसाचे तंतू, यंत्रांना तेल, जमीन लाकडी. एक ठिणगी पुरे. म्हणून छताला आपोआप पाणी सोडणारे स्प्रिंकलर एकोणिसाव्या शतकात पसरले ते मुख्यतः गिरण्यांतून. आज लालबागच्या टॉवरमध्ये किंवा परळच्या मॉलमध्ये छताला दिसणारी ती काचेची छोटी नळी साधारण ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि पाणी सुरू होतं. त्या क्षणी बटण दाबायला तिथे कुणी माणूस लागत नाही.

पुढे शिक्षण आलं. १९५६ मध्ये राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय सुरू झालं आणि वर्षभरात ते नागपूरला आलं. तिथे फायर इंजिनिअरिंगची पदवी मिळते. २००२ मध्ये नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर तिथे दाखल झाल्या, त्या कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थिनी म्हणून. नियमही आले. १९७० मध्ये राष्ट्रीय इमारत संहिता आली. तिचा चौथा भाग आगीबद्दल आहे. महाराष्ट्रानं २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा केला.

मग प्रश्न सुटला? नाही ना!

९ मे २०१५. गिरगावच्या शेजारी, काळबादेवीतल्या जुन्या हनुमान गल्लीत ‘गोकुळ निवास’ला आग लागली. लाकडी सांगाड्याची जुनी इमारत, अरुंद गल्ली. रहिवासी बाहेर निघाले, पण इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई त्याच दिवशी गेले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर पुढच्या काही दिवसांत. शहरानं एका आगीत दलाचा प्रमुखच गमावला.

२९ डिसेंबर २०१७. लोअर परळचं कमला मिल कंपाउंड. मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या पबमध्ये आग लागली. वर पेटणारं आच्छादन, बाहेर पडायच्या वाटा अपुऱ्या. १४ जण गेले. अनेक जण स्वच्छतागृहाकडे धावले आणि धुरानं गुदमरले. आगीत बहुतेकदा ज्वाळेआधी धूर मारतो. वाट कुठे आहे हे अंधारात दिसलं पाहिजे, आणि ती मोकळी पाहिजे. इतकी साधी गोष्ट!

म्हणून या क्षेत्रात यायचं असेल तर काम नीट समजून घ्या. नकाशा पाहून सांगायचं की जिना किती रुंद हवा, धूर कुठून बाहेर जाईल, पाण्याची टाकी केवढी लागेल, रेफ्यूज एरिया कुठे येईल. नागपूरची पदवी हा एक रस्ता. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलवाले अनुभवातून आणि पुढच्या कोर्समधूनही इकडे वळतात. प्रत्यक्ष दलात जायचं असेल, तर मुंबईत राज्य अग्निशमन अकादमी आहे. नोकऱ्या तेल कंपन्यांत, कारखान्यांत, विमा कंपन्यांत, सल्लागारांकडे मिळतात.

पण खरी परीक्षा सहीची. आपल्या कायद्यानुसार इमारतीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दर जानेवारी आणि जुलैला द्यावं लागतं. ते परवानाधारक एजन्सी देते. पंप बंद आहे, जिन्यात सामान भरलंय, आणि समोरचा म्हणतो, ‘साहेब, सगळेच करतात, तुम्ही फक्त सही करा.’ तिथे ‘नाही’ म्हणता येणं, हे कुठल्याही मार्कशीटवर येत नाही. पुढे त्या जिन्यातून वर कोण चढणार आहे? दलाचाच कुणीतरी जवान.

या कामात यश दिसत नाही. न लागलेल्या आगीची बातमी येत नाही, तुमचा सत्कारही होत नाही. चालेल का? चालत असेल तर या, शहराला तुमची गरज आहे.

आणि आज एवढं करा. हेडफोन काढा, आपल्या इमारतीचा जिना खालपर्यंत उतरा. सायकल, कपाट, कुंडी किती आडवी आली ते मोजा. भिंतीवरच्या लाल सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघा. फायर इंजिनिअरचा पहिला धडा तोच. भेटू पुढच्या भागात!