सर्वांत जास्त संदर्भ दिला गेलेला शोधनिबंध

अंड्यातील पांढऱ्या बलकाच्या द्रावणात कॉस्टिक सोडा आणि मोरचुदाच्या द्रावणाचे दोन-चार थेंब घातले, की जांभळा रंग येतो. प्रथिने ओळखण्याची ही बाययुरेट परीक्षा आपण सर्वांनीच शाळेत केलेली आहे. इतर संशोधकांनी ज्याचा संदर्भ सर्वांत जास्त वेळा दिला, त्या शोधनिबंधाचे या साध्या परीक्षेशी जवळचे नाते आहे.

हा निबंध १९५१ साली ‘जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ऑलिव्हर लाउरी (१९१०-१९९६) आणि त्यांचे तीन सहकारी हे त्याचे लेखक. लाउरी अमेरिकेतील सेंट लुईस येथे वॉशिंग्टन विद्यापीठात औषधशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्यांचा खरा ध्यास होता मेंदूचा. एकेका चेतापेशीत कोणती रसायने किती असतात, हे त्यांना मोजायचे होते. त्यासाठी त्यांनी क्वार्ट्झच्या केसासारख्या बारीक तंतूचा तराजू वापरला. एका टोकाला घट्ट बसवलेल्या तंतूच्या मोकळ्या टोकावर पेशीचा तुकडा ठेवायचा आणि तंतू किती वाकतो ते सूक्ष्मदर्शकातून पाहायचे. अशा रीतीने ग्रॅमच्या अब्जांशाच्या मापातले तुकडे ते तोलत.

इतक्या सूक्ष्म कामाला बाययुरेट परीक्षा पुरी पडणे शक्य नव्हते. लाउरींच्या पद्धतीत आधी बाययुरेटप्रमाणेच तांबे प्रथिनाला जोडले जाते. मग मॉलिब्डेनम आणि टंगस्टन असलेले फोलिन यांचे अभिकर्मक घातले, की गडद निळा रंग येतो. प्रथिन जास्त, तर रंग अधिक गडद. ही पद्धत बाययुरेटच्या सुमारे शंभरपट संवेदनशील आहे. अभिकर्मक फोलिन यांचे, आणि तांब्याचा उपयोगही आधी इतरांनी केलेला. लाउरींनी प्रत्येक पायरी तपासून ती कोणालाही बिनचूक करता येईल अशी बसवून दिली.

जीवरसायनशास्त्रात विकराची क्रियाशीलता दर मिलिग्रॅम प्रथिनामागे सांगावी लागते. म्हणजे संशोधन यकृतावर असो की जिवाणूवर, प्रथिन मोजणे आलेच. आणि ते मोजले, की लाउरींचा संदर्भ देणे आले. मी पीएच.डी. करत असताना आमच्या प्रयोगशाळेत ‘लाउरी करणे’ हे क्रियापदच झाले होते. त्या निबंधाचा संदर्भ मीही दिला. मूळ निबंध वाचला मात्र बऱ्याच वर्षांनी!

कोणी कोणाचा संदर्भ दिला याची पद्धतशीर सूची युजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये सुरू केली. पुढे २०१४ साली ‘नेचर’ने सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या शंभर निबंधांची यादी छापली. तीत लाउरींचा निबंध पहिला होता. त्याचे संदर्भ तीन लाखांहून अधिक भरले. वॉटसन आणि क्रिक यांच्या डीएनएवरील १९५३ च्या निबंधाचे पाच हजारांच्या आसपास होते, आणि यादीत त्याला जागा नव्हती.

लाउरींचे मेंदूवरील काम मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. १९६४ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की उंदराच्या मेंदूचा रक्तपुरवठा तोडताच त्यातील ऊर्जेचा साठा काही सेकंदांतच घटू लागतो. साठा किती वेगाने घटतो त्यावरून मेंदूचा ऊर्जाखर्च काढता आला. भूल दिलेल्या उंदरात हा वेग मंद असतो, म्हणजे भुलीचे औषध मेंदूचा खर्च कमी करते, हे आकड्यांत सांगता आले. या निबंधाचे संदर्भ १९५१ च्या निबंधाच्या जवळपासही जात नाहीत.

स्वतः लाउरींनी १९७७ साली मोकळेपणाने लिहिले, की तो गाजलेला निबंध काही थोर नव्हे. पण त्याला मिळणाऱ्या प्रतिसादाने मनातून गंमत वाटते.

संदर्भांची संख्या सांगते ती वापराची गोष्ट. चांगले अवजार हातोहात फिरते. त्याचे मोल कमी मानू नये. उलट मोठी कल्पना पाठ्यपुस्तकात शिरली, की तिचा संदर्भ देण्याची गरजच उरत नाही. फळ्यावर डीएनएचा दुहेरी सर्पिल काढताना आपण तरी कोणाचा हवाला देतो? आज नेमणुका आणि बढत्या ठरवताना हे आकडे पुढे ठेवले जातात. ठेवावेत, पण ते ठेवणाऱ्याने लाउरींचे दोन्ही निबंध उघडून पाहावेत. मोजण्याचे मोल लाउरींइतके थोड्यांनाच कळले होते, आणि आपल्या थोरवीचे माप त्यांनी त्या आकड्याकडून घेतले नाही.