सरकलेल्या गादीची कथा

कंबरेत उसण भरली की आपल्याकडे घरातले वडीलधारे माणूस हमखास विचारते, "आळीत कोणी पायाळू आहे का हो?" जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने पाठीला हलकेच पाय लावला की उसण जाते, अशी समजूत आहे. तिच्यात तथ्य किती, या वादात आपण शिरू नये. साधी उसण चार-आठ दिवसांत कोणाचा पाय न लागताही जाते, आणि श्रेय मात्र पायाळूला मिळते. आज बोलायचे आहे ते उसणीच्या थोरल्या भावंडाविषयी. कळ कंबरेतून निघते, कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या बाजूला उतरते आणि पोटरीवरून थेट पावलापर्यंत जाते. माणूस खोकला किंवा शिंकला तरी वीज चमकल्यासारखे होते. या दुखण्याला आपण आता सर्रास ‘सायटिका’ म्हणतो, आणि ‘मणक्यातली गादी सरकली’ असे त्याचे कारणही सांगून टाकतो. पण श्रोतेहो, दुखणे हजारो वर्षांचे असले तरी हे कारण वैद्यकाला ठाऊक होऊन अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत.

आपल्या चरकसंहितेत या दुखण्याला ‘गृध्रसी’ म्हटले आहे. रोगी गिधाडासारखा लंगडत चालतो म्हणून हे नाव, असा त्याचा अर्थ लावतात. कळ कुल्ल्यापासून सुरू होऊन कंबर, मांडी, गुडघा, पोटरी अशी क्रमाने पावलापर्यंत जाते, हे चरकाने नेमके टिपले आहे. सुश्रुताने तर आणखी एक गोष्ट सांगितली आहे. या रोगात पाय उचलता येत नाही, असे तो म्हणतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे तिचे पुन्हा काम पडणार आहे. उपचार म्हणून शिरा तोडून रक्त काढणे, बस्ती देणे आणि डाग देणे हे सांगितले आहेत. ग्रीक वैद्यांनाही हे दुखणे माहीत होते. पण त्यांच्या लेखी कुल्ल्याचा सांधा आणि पायाची नस यांचे दुखणे एकाच गाठोड्यात बांधलेले होते.

ते गाठोडे सोडवले इटलीतील नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो या वैद्याने. १७६४ साली त्याने एक छोटेखानी लॅटिन पुस्तक लिहिले आणि सांध्याचे दुखणे वेगळे, नसेचे वेगळे, असे स्पष्ट सांगितले. कारण मात्र त्याने भलतेच शोधले. नसेच्या आवरणात तिखट द्रव साठतो म्हणून कळ येते, असे त्याचे मत होते. पण कळ नसेची आहे हे तर ठरले, आणि ही पायरी लहान नव्हे.

आता पाय उचलण्याच्या गोष्टीकडे वळू. रोग्याला उताणे निजवावे आणि गुडघा न वाकवता त्याचा पाय हळूहळू वर उचलावा. थोडा उचलताच कळ पोटरीपर्यंत गेली, तर नस दबलेली असण्याचा संभव मोठा. आजही कोणताही डॉक्टर ही परीक्षा प्रथम करतो आणि तिला फ्रान्सच्या लासेग यांचे नाव देतो. मौज अशी की लासेग यांनी १८६४ साली सायटिकेवर जो लेख लिहिला, त्यात ही परीक्षा नाहीच! ती १८८१ साली त्यांच्या फोर्स्ट नावाच्या शिष्याने आपल्या प्रबंधात लिहिली आणि गुरूला श्रेय दिले. आणि त्याच्याही एक वर्ष आधी, १८८० साली, सर्बियातील लाझा लाझारेविच या डॉक्टराने सहा रोग्यांवरून ही परीक्षा वर्णिली होती. एवढेच नव्हे, तर पाय उचलला की नस ताणली जाते म्हणून कळ येते, हे बरोबर कारणही दिले होते. फोर्स्ट याला वाटले की मांडीचे स्नायू नसेला दाबतात. पण लाझारेविचने लिहिले सर्बियन भाषेत, आणि पॅरिसमध्ये सर्बियन वाचतो कोण? १८८४ मध्ये लेख जर्मन भाषेत आला, तोवर नाव पक्के होऊन गेले होते. हा लाझारेविच त्या भाषेतला नामांकित कथालेखकही होता, आणि चाळिशी गाठण्याआधीच गेला. मराठीत शास्त्र लिहिणाऱ्यांनी त्याची आठवण ठेवायला हरकत नाही.

असो. नस दबते हे कळले, पण तिला दाबते काय?

आपल्या कण्यात मणक्यांच्या मधे एकंदर तेवीस गाद्या आहेत. प्रत्येकीचे बाहेरचे कडे चिवट तंतूंचे असते, आणि आत मऊ, बुळबुळीत गर. कडे फाटले आणि गर मागच्या बाजूला बाहेर आला, की तो शेजारून जाणाऱ्या नसेच्या मुळावर बसतो. शरीररचनेच्या पुस्तकांतून या गाद्या १५४३ मधल्या व्हेसालियसपासून आहेत. जर्मनीच्या विर्खोने १८५७ साली फाटलेली गादी शवात पाहिली. १९११ साली ग्लासगोमध्ये एक मजूर जमिनीवरून जड पत्रा उचलत असता त्याच्या कंबरेत काहीतरी कडकन वाजले. दोन्ही पाय गेले, आणि काही दिवसांनी तो दगावला. मिडलटन आणि टीचर या दोघा डॉक्टरांनी त्याचा कणा उघडून पाहिला, तर गादीचा तुकडा मज्जारज्जूवर बसलेला. त्याच वर्षी बोस्टनच्या गोल्डथ्वेट यांनी असाच तर्क छापून मांडला. त्याच्याही आधी, १९०८ साली, बर्लिनमध्ये क्राउझे यांनी शस्त्रक्रिया करून असा तुकडा चक्क बाहेर काढला आणि रोगी बरा झाला!

म्हणजे शोध लागला, असे तुम्ही म्हणाल. पण तसे झाले नाही. क्राउझे आणि त्यांचे सहकारी ओपेनहाइम यांनी त्या तुकड्याला ‘कूर्चेची गाठ’ ठरवले. पुढची वीस-पंचवीस वर्षे शस्त्रवैद्य असे तुकडे काढत राहिले आणि बरणीवर चिठ्ठी लावत राहिले, ‘गाठ’. १९२९ मध्ये अमेरिकेच्या वॉल्टर डँडी यांनी दोन रोग्यांबाबत स्वच्छ लिहिले की ही गाठ नव्हे, गादीचा सुटा तुकडा आहे. पण तेही फारसे कोणी मनावर घेतले नाही. याचे एक कारण असे की त्या काळात साऱ्या कंबरदुखीचा आरोप कंबरेचा कणा आणि कमरपट्ट्याचे हाड यांच्यामधल्या सांध्यावर ठेवण्याची फॅशन होती. तो सांधा सांधून टाकण्याच्या शस्त्रक्रिया पुष्कळ झाल्या, आणि त्यांतल्या कितीतरी विनाकारण झाल्या असाव्यात असे आता वाटते. या सांध्याचे मोठे पुरस्कर्ते कोण? तर तेच गोल्डथ्वेट! खरा आरोपी त्यांनी एकदा ओळखला होता, पण जगाने त्यांचे दुसरे म्हणणे उचलले.

कोंडी फुटली ती बोस्टनमध्येच, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात. अस्थिवैद्य जोसेफ बार यांच्याकडे बर्फावर स्कीइंग करताना पडलेला एक तरुण आला. पायाची कळ काही केल्या जाईना. मज्जारज्जूजवळ गाठ असावी असे मानून शस्त्रवैद्य विल्यम मिक्स्टर यांनी १९ डिसेंबर १९३२ रोजी शस्त्रक्रिया केली. तुकडा निघाला, तरुण सुधारला, आणि प्रयोगशाळेने शिरस्त्याप्रमाणे कळवले, ‘कूर्चेची गाठ’. इथे बार यांनी एक साधी गोष्ट केली. निरोगी गादीचा तुकडा आणि हा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवले. सारखेच! मग दोघांनी रुग्णालयाच्या कपाटातले जुने ‘गाठी’चे नमुने पुन्हा तपासले, आणि त्यांतले बरेचसे गादीचेच तुकडे निघाले. २ ऑगस्ट १९३४ रोजी १९ रोग्यांची हकीकत असलेला त्यांचा लेख प्रसिद्ध झाला, आणि ‘गादी सरकणे’ हा रोग जन्माला आला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले मोठे काम चाकूचे नव्हे, तर जुन्या बरण्या पुन्हा उघडण्याचे आहे.

यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. कंबर दुखली की गादी, आणि गादी म्हटली की शस्त्रक्रिया, असा काळ आला. निदानासाठी कण्याच्या पोकळीत तेलकट औषध टोचून क्ष-किरणांचे चित्र घेत. ही युक्ती पॅरिसच्या सिकार आणि फोरेस्टिए यांची, १९२१-२२ सालची. असल्या तेलकट औषधाने काही रोग्यांच्या नसांना कायमची सूज येऊन बसे, ते दुःख वेगळेच.

चाकू टाळण्याची एक गमतीदार युक्तीही निघाली. मटण लवकर शिजावे म्हणून आपण त्याला कच्ची पपई लावतो ना? १९५६ साली अमेरिकेत लुइस थॉमस यांनी सशांना पपईच्या चिकातले द्रव्य टोचले. काही तासांत सशांचे ताठ कान लुळे पडले, आणि काही दिवसांनी पुन्हा उभे राहिले. कूर्चेला मऊ करणारे हे द्रव्य गादीत टोचले तर? लायमन स्मिथ यांनी १९६३ मध्ये चिकातलेच ‘कायमोपपेन’ माणसाच्या गादीत टोचून पाहिले. १९८२ साली अमेरिकन सरकारने त्याला परवानगी दिली. पुष्कळांना गुणही आला. पण काहींच्या अंगावर ते इतके उलटले की प्राणावर बेतले, काही थोड्यांचे पाय गेले, आणि २००३ च्या सुमारास औषध बाजारातून नाहीसे झाले.

तोवर सूक्ष्मदर्शकातून, लहानशा छेदातून तुकडा काढण्याची पद्धत १९७७ पासून रूढ होऊ लागली होती, आणि १९८० नंतर एमआरआय आले. आता कणा न उघडताच गादी दिसू लागली. प्रश्न सुटला असे वाटले, पण तो उलट अवघड झाला. १९९४ साली ज्यांची कंबर मुळी दुखतच नव्हती अशा ९८ माणसांचे एमआरआय काढले. त्यांतल्या निम्म्यांहून अधिकांची एखादी तरी गादी फुगलेली होती, आणि सुमारे चौथ्या हिश्श्याची स्पष्ट बाहेर आलेली! फोटोत सरकलेली गादी दिसली म्हणजे दुखण्याचे कारण तीच, असे म्हणता येईना. म्हणून आजचा जाणता डॉक्टर पाय उचलून पाहतो, अंगठा वर ओढायला सांगतो, टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारतो. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकली तर बहुधा अंगठ्याचा जोर कमी होतो; त्याखालची सरकली तर हातोडीला पाऊल उडत नाही. फोटोतली जागा आणि पायातली खूण जुळली, तरच तो फोटोवर विश्वास ठेवतो.

आणि शस्त्रक्रिया? नॉर्वेच्या हेन्रिक वेबर यांनी १२६ रोग्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून १९८३ साली दहा वर्षांचा हिशेब दिला. पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया केलेले पुढे; चौथ्या वर्षी अंतर फारसे नाही; दहाव्या वर्षी मुळीच नाही. २००७ साली हॉलंडमध्ये २८३ रोग्यांवरही असाच अनुभव आला. लवकर चाकू लावला तर कळ लवकर थांबते, पण वर्षअखेर दोन्हीकडचे सुमारे ९५ टक्के लोक बरे. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र मधेच शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हेही सांगितले पाहिजे. निम्मी रात्र उशी चावून काढणाऱ्याला ‘वर्षाने बरे वाटेल’ हे सांगणे सोपे. ऐकणे सोपे नाही. बाहेर आलेला गर शरीरच हळूहळू खाऊन टाकते, हे पुन्हा पुन्हा काढलेल्या एमआरआयवरूनच कळले. आणि ज्या सक्त बिछान्यावर पिढ्यान्‌पिढ्या रोगी खिळवले, त्याचा १९९९ मध्ये १८३ रोग्यांवर पडताळा घेतला, तेव्हा दोन आठवडे निजून राहिलेल्यांना हिंडत्या-फिरत्यांपेक्षा काही अधिक लाभ झालेला दिसला नाही.

थांबून पाहण्याला एक अपवाद आहे, आणि तो ऐकणाऱ्याने घरी सांगून ठेवावा. कंबरेच्या कळेबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, दोन्ही पायांतले बळ जाऊ लागले, तर गादीचा मोठा तुकडा खालच्या सगळ्या नसांच्या जुडग्यावर बसला आहे असे समजावे. तेव्हा शेक नाही, लेप नाही, पायाळू नाही. त्याच दिवशी, रात्र असली तर रात्रीच, मोठ्या रुग्णालयात न्यावे.