अंगणांतील दगड आणि पावसाचें पाणी

पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया थोरल्या बाजीरावांनीं १० जानेवारी १७३० रोजीं घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजीं त्याची वास्तुशांत झाली. पुढें फेब्रुवारी १८२८ मध्यें वाड्याला आग लागली. सागवानी खांब, कोरीव छतें, रंगविलेले दिवाणखाने यांची राख झाली. आज तेथें जाणाऱ्यास दिसतात ते तट, दरवाजे, दगडी जोतीं, पायऱ्या, हौद आणि सोळा पाकळ्यांचें कमळाकृति कारंजें. आगींत लाकूड जळावें आणि दगड उरावा यांत नवल नाहीं. नवल हें कीं, त्यानंतर जवळजवळ दोनशें पावसाळे या दगडकामानें उघड्यावर सोसले.

घरांतील भिंतीस छपराचा आसरा असतो. अंगणांतील वृंदावन, विहिरीचा कठडा, परसांतील हौद, आवाराची भिंत यांना तो नसतो. वैशाखांत दगड तापतो, आषाढांत तोच चिंब भिजतो, आणि हा फेरा दरवर्षीं चालतो. म्हणून घराबाहेरचें बांधकाम ही गवंड्याची खरी कसोटी होय. पेशवाईंतील कारागीर या कसोटीस उतरले. त्याचें कारण पुष्कळ जण दगडाच्या कठीणपणांत शोधतात. दगड कठीण होता हें खरेंच. पण पाण्याशीं झुंजण्याऐवजीं त्याला वाट करून देण्याचें शहाणपण या कामांत होतें, हें त्याहून महत्त्वाचें.

प्रथम पाया. दख्खनची काळी माती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर उभी केलेली भिंत तिच्याबरोबर हालणारच. यासाठीं ती उपसून खालच्या मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत चर खणावयाचा आणि तेथून काळ्या दगडाचे थर रचीत वर यावयाचें, ही रीत पडली. जोत्याचा दर्शनी चिरा पाथरवट तासून देई. भिंतीच्या दोन अंगांमधील पोकळींत लहान दगड व चुना भरीत, आणि मधूनमधून भिंतीच्या जाडीइतका लांब दगड आडवा घालून दोन्ही अंगें एकमेकांस बांधीत. असा दगड ज्या भिंतींत नसतो, तिचें पोट कांहीं वर्षांनीं फुगूं लागतें.

दुसरी गोष्ट चुन्याची. चुनखडीचे खडे भट्टींत भाजले म्हणजे त्यांतील कर्बवायु निघून जातो. त्या कळीच्या चुन्यावर पाणी घातलें कीं तो फुलतो, व विरलेला चुना वाळूबरोबर घाणींत मळावयाचा. वर्तुळाकार दगडी चर, त्यांत फिरणारें दगडी चाक आणि तें ओढणारे बैल, असें या घाणीचें स्वरूप. भिंतींत गेलेला चुना हवेंतील तोच वायु पुनः हळूहळू शोषून दगडासारखा होतो. हें काम वर्षानुवर्षें चालतें. चुना मंदगतीनें घट्ट होत असल्यामुळें भिंत थोडी बसली, तरी तो तिच्याबरोबर जुळवून घेतो. बारीक भेग पडलीच, तर पावसाच्या पाण्यांत विरघळलेला चुना तिच्यांत पुनः बसून ती कित्येकदां बुजवितो.

परंतु साधा चुना सतत ओल्या जागीं टिकत नाहीं. हौदासाठीं व पाण्याच्या पाटासाठीं त्यांत सुरकी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळीत. तिच्यांतील द्रव्यें चुन्याशीं संयोग पावून पाण्यांतहि घट्ट होणारा गारा तयार होतो. रोमन ग्रंथकार व्हिट्रुव्हिअस यानेंहि विटांची पूड घालण्याचा सल्ला दिला आहे. माती मिसळलेल्या चुनखडीचा चुना पाण्यांत कठीण होतो, हा शोध इंग्लंडांत जॉन स्मीटन या स्थापत्यकारास लागला. त्याच्या आधारें त्यानें बांधलेलें एडिस्टनचें दीपगृह १७५९ सालीं पुरें झालें. दख्खनच्या काळ्या मातींत सांपडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांत मातीचा अंश मूळचाच असतो. त्यामुळें येथील गवंड्यांच्या हातीं हा गुण उपजतच आला होता.

त्याची साक्ष कात्रजच्या नळानें दिली. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावांचें पाणी दगड-चुन्याच्या भुयारी पाटानें शहरांत आणलें गेलें. पाणी केवळ उतारानें वाहे. ठिकठिकाणीं उच्छ्वास बांधून हवेला वाट दिलेली होती. या पाण्यावर शनिवारवाड्यांतील आणि पेठांतील हौद भरत. कोंडलेली हवा पाणी अडवील आणि कोंडलेलें पाणी भिंत फोडील, हें ज्यांस उमगलें होतें त्यांचें हें काम होय.

हेंच तत्त्व अंगणांतहि दिसतें. फरसबंदीला मोरीकडे उतार, भिंतीच्या माथ्यावर दोन्हीं बाजूंस ढाळ, वृंदावनाच्या बुडाशीं भोंक, आणि मातीला टेकून उभ्या असलेल्या भिंतींत ठराविक अंतरावर पाणी निघावयास फटी. मातीचा भार भिंत सोसूं शकते. त्या मातींत पाणी सांचलें म्हणजे भार एकदम वाढतो आणि पावसाळ्यांत आवाराच्या भिंती पडतात त्या बहुधा यामुळें.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें, तेव्हां या विद्येची दुसरी बाजू दिसली. मातींत रचलेल्या अनेक जुन्या घरांच्या भिंती कोसळल्या. वाडा जुना असला म्हणजे तो मजबूत असतो, असें नव्हे; जेथें चुना, दगड आणि निचरा यांत काटकसर झाली, तेथें काळानें ती वसूल केली.

लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन यानें १८२४ सालीं पोर्टलंड सिमेंटचें पेटंट घेतलें. पोरबंदर येथें १९१४ सालीं सिमेंटचें उत्पादन सुरू झालें. सिमेंट लौकर घट्ट होतें, भार अधिक पेलतें. नव्या बांधकामांत त्याची योग्यता निर्विवाद आहे. अनर्थ होतो तो जुन्या चुन्याच्या भिंतीच्या दरजा सिमेंटनें लिंपल्यानें. भिंतींतील ओल पूर्वीं दरजांवाटे सुकत असे. ती वाट बुजली म्हणजे ओल विटेंतून बाहेर येऊं पाहते, तिच्याबरोबर आलेला क्षार विटेच्या तोंडाशीं जमतो आणि वीट पापुद्र्यापापुद्र्यानें झडते. भिंत राखण्यासाठीं केलेली डागडुजीच तिच्या नाशास कारण होते. जुन्या वास्तूंच्या जतनाचें काम करणारे आज पुनः चुना मळूं लागले आहेत, तें जुन्याच्या प्रेमापोटीं नव्हे. त्यामागें हा रोकडा अनुभव आहे.

शहरांतील वाडे एकामागून एक पाडले जात आहेत. त्यांचे चिरे विकतां येतात, तुळया दुसरीकडे लागतात. चुना किती मुरूं द्यावा, भिंतीला भोंक कोठें ठेवावें, फरशीला उतार किती असावा, हें ज्ञान मात्र गवंड्याच्या हातांत असतें, आणि काम मिळालें तरच तें पुढच्या पिढीच्या हातीं जातें. म्हणून ज्याच्या घरीं अजून दगडी जोतें किंवा जुना हौद आहे, त्यानें डागडुजीच्या वेळीं सिमेंटची गोणी फोडण्यापूर्वीं चुन्याचा गवंडी शोधावा. आणि जो नवी भिंत घालीत असेल, त्यानें पाणी येणार हें धरून चालावें व तें जाईल कोठून, हा प्रश्न पहिला थर बसविण्यापूर्वींच सोडवावा.