जावाची सफर : एक राजयात्रा आणि एक स्थानपोथी

प्रवासाची आंखणी आज नकाशा, वेळापत्रक आणि खर्चाचा अंदाज एवढ्यांतच संपते. परंतु परदेशांत कोठें जावें, याहून तेथें गेल्यावर कोणत्या दृष्टीनें पाहावें हा प्रश्न अधिक कठीण आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतून मलकापूर स्टेशनमार्गें मुंबईस आणि तेथून विमानानें इंडोनेशियास जाण्याचा बेत जे कोणी करीत असतील, त्यांच्या हातीं एक जुना मार्गदर्शक द्यावा असें मला वाटतें. त्याचें वय साडेसहाशें वर्षांहून अधिक आहे.

इ. स. १३६५ मध्यें, म्हणजे शके १२८७ त, प्रपंच नांवाच्या कवीनें जुन्या जावी भाषेंत ‘देशवर्णन’ नांवाचें काव्य पुरें केलें. विद्वानांत तें ‘नागरकृतागम’ या नांवानें अधिक प्रसिद्ध आहे. मजपहितचा राजा हयम वुरुक यानें १३५९ सालीं पूर्व जावांत लुमाजंगपर्यंत जो मोठा दौरा केला, त्याचें वर्णन हा या काव्याचा गाभा. मजपहितचें संस्कृत नांव बिल्वतिक्त, म्हणजे कडू बेलफळ. राजपरिवारांतील प्रत्येकाच्या गाड्यांवर ओळखीसाठीं निराळें चिन्ह होतें. वाटेंतील मुक्काम, गांवें, देवस्थानांच्या जमिनी, पूर्वजांची स्मारक-मंदिरें, समुद्रकिनारा हें सर्व कवीनें क्रमानें सांगितलें आहे. प्रपंच हा दरबारांतील बौद्ध धर्माधिकारी. तो राजाबरोबर होता. परंतु तो केवळ स्तुतिपाठक नव्हता. सिंहसारीच्या मुक्कामांत तो रत्नांश नांवाच्या वृद्ध आचार्याकडे गेला आणि जुन्या राजांचा वृत्तांत त्यानें त्यांच्या तोंडून ऐकून घेतला. काव्यांतील राजवंशाचा इतिहास त्या संवादांतूनच आला आहे. स्थळ पाहावें आणि तेथील जाणत्या माणसास विचारावें, ही प्रवासाची रीत त्यानें घालून दिली.

हें वाचतांना वऱ्हाडच्या मनुष्यास ‘स्थानपोथी’ आठवल्यावांचून राहात नाहीं. महानुभाव पंथांतील हा ग्रंथही चौदाव्या शतकांतील मानला जातो. श्रीचक्रधरस्वामी जेथें जेथें राहिले, बसले, निजले तीं स्थानें त्यांत नोंदलीं आहेत : देऊळ कोणतें, दार कोणत्या दिशेस, मढ कोणत्या बाजूस. आमचें लोणार आणि आमचें मेहकर हीं दोन्ही स्थळें या परिक्रमेंत येतात. ज्या शतकांत जावांतील एक कवी बैलगाड्यांच्या रांगांमागून आपल्या देशाचें वर्णन करीत होता, त्याच शतकांत येथें कोणी भाविक एका अनवाणी फिरणाऱ्या संन्याशाच्या पाऊलखुणा दिशांसह लिहून ठेवीत होता.

दोन्ही ग्रंथांचें दैवही सारखेंच विलक्षण. महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळीसारख्या सांकेतिक लिपींत झांकून ठेवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभीं तें कुलूप उघडलें. ‘स्थानपोथी’ची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करणारे डॉ. विष्णु भिकाजी कोलते हे याच जिल्ह्यांतील नरवेल गांवीं १९०८ सालीं जन्मले, ही आम्हांस अभिमानाची गोष्ट आहे. ‘नागरकृतागम’ची ताडपत्रावरील प्रत मात्र युद्धाच्या आगींतून निघाली. १८९४ सालीं डच सैन्यानें लोंबोक बेटावर स्वारी केली, तेव्हां चक्रनगरच्या राजवाड्यांतील ग्रंथ ब्रांडेस नांवाच्या डच पंडितानें वांचविले. त्यांत ही पोथी होती. ज्यांनीं वाडा जिंकला त्यांच्याचपैकीं एकानें ग्रंथ राखले, हा इतिहासाचा उपरोध ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

आतां मुख्य मुद्दा. जावा-बालीस जाणारा आपला प्रवासी बहुधा एक वाक्य बरोबर घेऊन जातो : ‘हें सगळें आपलेंच होतें.’ या भावनेला पूर्वीं विद्वत्तेचेंही पाठबळ होतें. १९२६ सालीं कलकत्त्यास बृहत्तर भारताच्या अभ्यासासाठीं संस्था निघाली; पुढच्याच वर्षीं रवींद्रनाथ जावा-बालीस जाऊन आले. परकीय सत्तेखालीं पिचलेल्या समाजास आपल्या पूर्वजांच्या वसाहतींचें स्वप्न गोड वाटावें, यांत नवल नाहीं. परंतु पुरावा काय सांगतो? बोर्निओच्या पूर्वभागांत कुताई येथें इ. स. ४०० च्या सुमाराचे, संस्कृत लेख असलेले दगडी यूप सांपडले. त्यांत दान देणारा राजा मूलवर्मा; त्याचा पिता अश्ववर्मा; आणि आजा कुंडुंग. नातवाचें नांव संस्कृत, आजोबाचें तेथल्याच मातीचें! भारतांतून येऊन कोणी तेथें राज्य स्थापिलें असतें, तर क्रम उलटा दिसला असता. स्थानिक राजानेंच ब्राह्मणांस बोलाविलें, संस्कृत स्वीकारलें, यज्ञ केले. जें पटलें तें घेतलें आणि आपल्या रीतीनें वाढविलें, हाच अर्थ अधिक सरळ आहे.

कालगणनेकडे पाहावें. जावांतील राजा संजय याचा लेख शके ६५४ चा आहे. तीच शकगणना आपल्या पंचांगांत आजही आहे. १६३३ सालीं मुसलमान सुलतान आगुंग यानें चांद्र वर्ष स्वीकारलें, परंतु शकाचा आंकडा न मोडतां १५५५ पासून पुढें चालविला. बालींत शकाचें नवें वर्ष गुढीपाडव्याच्या आसपासच येतें. परंतु आपण गुढी उभारतों, तर ते त्या दिवशीं अग्नि पेटवीत नाहींत, घराबाहेर पडत नाहींत, मौन पाळतात. विमानतळही बंद असतो. म्हणून प्रवाशानें तो दिवस आधीं पाहून ठेवावा. एकच शक, पण उत्सव निरनिराळे. यालाच मी देवघेव म्हणतों. हिला वसाहत म्हणतां येत नाहीं.

तेव्हां बेत असा करावा. आपल्याकडे मृग लागतो तेव्हां पूर्व जावांत कोरडे दिवस असतात, आणि दिवाळीनंतर तेथें पाऊस वाढतो. म्हणून मे महिन्याची अखेर उत्तम. सतरा हजारांहून अधिक बेटांच्या देशांत पंधरा दिवसांत सर्व पाहण्याचा हव्यास धरूं नये. जोग्यकर्तेस बोरोबुदूर आणि प्रांबानन. प्रांबाननच्या शिवमंदिरावर रामकथा कोरलेली आहे. तेथून पूर्वेस त्रोवुलान येथें मजपहितचे अवशेष, मलंगजवळ सिंहसारी, ब्लितारजवळ पनतरन; मग बन्युवंगीजवळून नावेनें बाली. प्रपंचाच्या वाटेचा पुष्कळसा भाग यांत येतो.

मात्र त्यापूर्वीं एक दिवस लोणारास द्यावा. दैत्यसूदनाचें देऊळ ‘स्थानपोथी’ हातांत घेऊन पाहावें, आणि सरोवराच्या कांठावरून तें सुमारें पावणेदोन किलोमीटरचें विवर न्याहाळावें. तें ज्वालामुखीचें नसून अशनीच्या आघातानें झालें आहे, हें आतां सिद्ध आहे. आपल्या गांवाची दिशा नीट वाचण्याची संवय ज्यास लागली, तो जावाच्या ज्वालामुखींखालीं उभा राहून ‘हें आमचें’ असें म्हणणार नाहीं. तो तेथल्या एखाद्या वृद्धास विचारील, ‘हें तुमचें कसें झालें?’ प्रपंचानें रत्नांशास असाच प्रश्न केला होता, आणि त्याच्या उत्तरामुळेंच एका देशाचा इतिहास आज उरला आहे.