वस्तादाचा हात

मागच्या हिवाळ्यात अब्बांचा उजवा खांदा धरला. नमाजला उभं राहिलं की तकबीरसाठी हात कानापर्यंत जाईना. शेजारच्या चाचांनी तालमीतल्या एका वस्तादांना बोलावून आणलं. वस्तादांनी खांदा चाचपला, शुगर आहे का विचारलं आणि म्हणाले, "आधी डॉक्टरला दाखवा, फोटो काढा. मग मी बघतो." डॉक्टरांनी सांधा आखडल्याचं निदान केलं, व्यायाम दिला. हलक्या मालिशला हरकत नव्हती, म्हणून वस्ताद पुन्हा आले.

ते तेल चोळत होते आणि मी शब्द मोजत होतो. तालीम अरबी. वस्ताद म्हणजे फारसी उस्ताद. पैलवान, मालिश हेही फारसी. मलम म्हणजे मरहम. मराठी माणसाची पाठ धरली की तोंडून निघणारे निम्मे शब्द दख्खनच्या सुलतानी काळातले आहेत, आणि ते कुणालाच परके वाटत नाहीत.

अहमदनगरला तर याचा लेखी दाखला आहे. इतिहासकार फिरिश्ता लहानपणी वडिलांसोबत या शहरात आला आणि निजामशाही दरबाराच्या सावलीत वाढला. 1589 मध्ये तो विजापूरला गेला. त्याच्या तवारीखेत शहराचा संस्थापक अहमद निजामशाह याच्या तलवारबाजीच्या शौकाचं वर्णन आहे. सुलतानाचं पाहून तरुण पोरं त्याच नादाला लागली, मोहल्ल्यामोहल्ल्यात तलवार शिकवणारे आखाडे निघाले, द्वंद्वात माणसं मरू लागली. फिरिश्ताला ही रीत मुळीच पसंत नव्हती. पण जिथे एवढे आखाडे, तिथे सुजलेले खांदे आणि मुरगळलेली मनगटं असणारच, आणि ती चोळणारे हातही. त्या हातांबद्दल तवारीख गप्प आहे.

फिरिश्ता स्वतः हकीम होता, हे आपण विसरतो. इथल्या वैद्यकावर त्याने 'दस्तूर-उल-अतिब्बा' हा फारसी ग्रंथ लिहिला. युनानी शिकलेला माणूस वैद्यांचं ज्ञान फारसी वाचकापुढे ठेवत होता. मालिशच्या बाबतीत दोन्ही परंपरांचं फार वाकडं नव्हतंच. चरकाने रोजच्या दिनचर्येत अभ्यंग सांगितलाय. इब्न सीनाने (मृत्यू 1037) 'अल-कानून'मध्ये 'दल्क'चे प्रकार सांगितलेत. जोरात चोळलं तर अंग घट्ट होतं, हळुवार चोळलं तर सैल पडतं, फार चोळलं तर माणूस वाळतो, बेताने चोळलं तर अंग भरतं. कसरतीआधीची मालिश वेगळी, नंतरची वेगळी. आमच्या वस्तादांनी 'अल-कानून' पाहिलेला नाही, पण कुस्तीआधी आणि कुस्तीनंतर त्यांचा हात वेगळा चालतो.

हाच हुन्नर घेऊन पाटण्याचा शेख दीन मुहम्मद इंग्लंडला गेला. ब्रायटनला त्याने वाफेचं स्नान आणि चंपी सुरू केली, 1822 मध्ये त्यावर पुस्तक छापलं. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या राजांचा तो अधिकृत मालिशतज्ज्ञ झाला. शांपू हा शब्द चंपीचाच. इंग्रजांनी तो केस धुण्यापुरता ठेवला.

आपण मात्र काय केलं? हज्जाम म्हणजे मुळात हिजामा करणारा, रक्त काढून दुखणं हलकं करणारा. अबू तैबा नावाच्या गुलामाने पैगंबरांना हिजामा केला. पैगंबरांनी त्याला मजुरी दिली आणि मालकांना सांगून त्याच्यावरचा बोजा कमी करवला. ही हदीस हिजामाच्या जाहिरातीत हमखास असते, पण मजुरीचा आणि बोजाचा भाग तिथे क्वचितच दिसतो. आणि त्याच हज्जामाचं नाव सोयरीक जुळवताना निघालं की आपल्याकडे नाकं मुरडली जातात. इस्लाममध्ये जात नाही, असं सांगणारेच त्यात पुढे असतात. बाळंतिणीला आणि बाळाला सव्वा महिना चोळणाऱ्या बायांचंही तेच. घरात हवी, पंगतीत नको.

आज याच जिल्ह्यात लोणीला फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे, डॉ. एपीजे अब्दुल कलाम यांच्या नावाचं. तिथे पदवी मिळते, तिला मान आहे आणि तो असायलाच हवा. कुठे चोळू नये हे कळण्यासाठी शिक्षण लागतं. पिंढरीत रक्ताची गाठ असेल तर मालिश जिवावर बेतू शकते.

अब्बांचा हात आता कानाच्या पाळीपर्यंत जातो. शेवटच्या दिवशी मी पैसे विचारले, तर वस्ताद म्हणाले, "द्या काय द्यायचं ते." व्यायामाच्या एका बैठकीला दवाखान्यात जेवढे भरत होतो, तेवढेच मी प्रत्येक दिवसाचे मोजून दिले. अब्बांना ते जास्त वाटले.