बीसीपीएल : कपातीतून घडलेली भाषा

सी भाषेची वंशावळ सांगताना बीसीपीएलला बहुधा एका ओळीत उरकले जाते. हा अन्याय आहे. कंपायलरसारखे यंत्राच्या मुळाशी असलेले काम एका संगणकावरून दुसऱ्यावर थोड्या श्रमात नेता येते, हे या भाषेने प्रत्यक्ष करून दाखवले आणि ते तिला साधले ते कपातीमुळे. १९६० च्या दशकात केंब्रिज आणि लंडन विद्यापीठांत क्रिस्टोफर स्ट्रॅची व सहकाऱ्यांनी सीपीएल ही भाषा आखली. तिला सगळेच हवे होते, म्हणून तिचा कंपायलर रखडत गेला. मार्टिन रिचर्ड्स यांनी १९६६ मध्ये तिच्यातून कंपायलर लिहिण्यापुरते लागेल तेवढेच उचलले. पुढच्याच वर्षी एमआयटीत बीसीपीएलचा पहिला कंपायलर चालू झाला. डेटाचा प्रकार एकच ठेवला : मशीनचा वर्ड. संख्या असो, अक्षर असो की मेमरीतला पत्ता, सगळे त्याच मापात. कंपायलर स्वतः बीसीपीएलमध्येच लिहिलेला होता आणि तो आधी ओ-कोड या काल्पनिक यंत्राच्या सूचना तयार करी. नव्या संगणकासाठी मुख्यतः ओ-कोडपासून पुढचा टप्पा तेवढा नव्याने लिहावा लागे.

ओ-कोडसारख्या मधल्या भाषेची कल्पना रिचर्ड्स यांची नव्हे, असा आक्षेप घेता येईल. तो खरा आहे. १९५८ मध्येच अन्कॉलचा प्रस्ताव आला होता. पण अन्कॉलला सगळ्या भाषा आणि सगळी यंत्रे एका सांध्याने जोडायची होती आणि ते कधीच तडीस गेले नाही. ओ-कोडने एकाच छोट्या भाषेचा भार उचलला, म्हणून तो पेलला. दुसरा आक्षेप अधिक जड आहे : प्रकार नसल्याने पत्ता आणि संख्या यांची गल्लत कंपायलरला पकडता येत नसे. हेही मान्य. पण तपासणीचा तो सारा भार टाळल्यामुळेच कंपायलर लहान राहिला.

या काटकसरीची किंमत पुढे चुकवावी लागली. केन थॉम्पसन यांनी बीसीपीएल आणखी आटवून बी भाषा केली. पण पीडीपी-११ या संगणकात पत्ते वर्डला नव्हे, बाइटला होते. तिथे एकच माप अपुरे पडले आणि डेनिस रिची यांनी प्रकार आणून सी घडवली. १९७३ मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा सीमध्ये लिहिला गेला. बीसीपीएल मागे पडली ती मेमरी वर्डच्याच मापात असते, या एका गृहीतकामुळे. लहान गाभा आणि यंत्रापासून अलग ठेवलेला कंपायलर या तिच्या रीतीला त्या गृहीतकाची गरज नव्हती, म्हणून ती रीत आजही कामाची आहे.